खाटकाकडची छाटण, दोन कुत्री आणि एक चूल : जून ते ऑगस्ट २०२५च्या नोंदी

शनिवार, १४ जून

आजपासून लिहून ठेवते आहे. घरात दोन कुत्री आहेत. चांदी कारवानी जातीची, उंच, वजन १९.२ किलो. तिला एका धनगर आजोबांकडून आणलं. बुट्ट्या गावठी, आखूड पायांचा, १२.९ किलो. दोघांचीही नसबंदी झालेली आहे. आजवर दोघं भाकरी-दूध, उरलेला भात आणि अधूनमधून दुकानातला कोरडा खाऊ यांवर होती.

खाटीकमामांचं दुकान घरापासून चालत पाच मिनिटांवर. दुकानामागच्या ओढ्याकडेला रोज संध्याकाळी एक घमेलं रिकामं होतं. त्यात फुफ्फुसं, तिल्ली, नरडी, चरबीचे पडदे, शिरा असं सगळं असतं, आणि त्यावर चार-पाच भटकी कुत्री तुटून पडतात. हे मी लग्न होऊन आल्यापासून बघत आले. चार वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या नणंदेच्या यकृतातून नारळाएवढी पाण्याची गाठ काढली. हायडेटिड, म्हणजे कुत्र्यांतल्या कृमीमुळे धरणारी गाठ. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात मेंढ्या आहेत का? कुत्री आहेत का?" दोन्ही होतं. तेव्हापासून ते घमेलं दिसलं की मला तिची ती टाक्यांची रेघ आठवते.

म्हणून दोन गोष्टी एकत्र करायच्या ठरवल्या. ती छाटण घरी आणून, नीट शिजवून आमच्या दोघांचं रोजचं जेवण करायचं, आणि निदान तेवढा माल तरी कच्चा ओढ्याकडेला जाऊ द्यायचा नाही.

मामांना विचारलं. ते म्हणाले, "न्या की ताई, पैसं कशाचं त्याचं? पर शिजवायचं कशाला? कुत्र्याच्या जातीला कच्चंच लागतं." नणंदेचं सांगितलं तेव्हा सुरा ओंडक्यावर ठेवून नीट ऐकलं. उद्या रविवार, दोन बोकडं पडतील. सकाळी दहानंतर बादली घेऊन यायला सांगितलं आहे.

रविवार, १५ जून

बादलीत ६ किलो ८०० ग्रॅम माल मिळाला. परसात पोत्यावर परात मांडून वेगळा केला. वजनं (ग्रॅममध्ये):

फुफ्फुस, ज्याला मामा फेफडा म्हणतात : १७५०
छाटण, म्हणजे मांसाचे बारके तुकडे, शिरा, पातळ पडदे : १९००
नुसती चरबी : १४००
तिल्ली : २५०
नरडं : ६००
कलेजीचे कडेचे तुकडे : ३००
हाडांचे चुरे : ६००

कलेजी, गुर्दा, दिल, मुंडी, पाय, वजडी यांना गिऱ्हाईक असतं, ते कुणी टाकत नाही. आपल्या वाट्याला येतं ते उरलेलं. आधीपासूनच एक घोळ लक्षात आला. "छाटण" या एका शब्दाखाली सात वेगळ्या वस्तू आहेत, आणि प्रत्येकीचं वागणं वेगळं आहे.

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, माळकरी. घरातल्या गॅसवर हे चालणार नाही हे मला न सांगता कळत होतं. त्यांनीच सकाळी परसातली जुनी चूल सारवून दिली आणि माळ्यावरचं जर्मनचं मोठं भगुलं काढलं. "त्यांचं त्यांना वेगळं असू दे," एवढंच म्हणाल्या.

हाडं बाजूला काढली. बाकी सगळं कापून एकत्र शिजवलं. फुफ्फुसानं फार त्रास दिला. हवेनं भरलेलं असल्यामुळे ते बुडतच नाही, वर तरंगतं, आणि उकळी आली की साबणासारखा फेस येऊन चुलीत उतू जातं. तीनदा जाळ विझला. शेवटी भगुल्यातून बाहेर काढून बोटभर तुकडे केले आणि वर ताटली दाबून ठेवली, तेव्हा बसलं. फुफ्फुस आधी वेगळं दहा मिनिटं उकळून, फेस काढून मग बाकीच्यात घालायचं.

तांदूळ घालून दीड तास शिजवलं. हळद, मीठ, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवल्यावरही. त्यामुळे घरातला उरलेला रस्सा त्यात ओतणं कायमचं बंद.

दोघांनी भांडी चाटूनपुसून लख्ख केली.

मंगळवार, १७ जून

दोघांचंही पोट बिघडलं. चांदीला रात्रीतून चार वेळा पातळ झालं, चकचकीत, चिकट. बुट्ट्यानं सकाळी ओकून टाकलं. चूक सरळ माझी आहे. चरबी एक ग्रॅमही काढली नव्हती, आणि वर्षानुवर्षं भाकरी-दूध खाणाऱ्या पोटात एका दिवसात सगळं नवं ढकललं.

पशुवैद्य डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, ताप पाहिला. एकदम जास्त चरबी गेली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ती जिवावर बेतते, असं सांगितलं. आमचं त्यामानानं थोडक्यात निभावलं. दोन दिवस मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, तीही कातडी काढून. त्यानंतर नवं जेवण चौथा हिस्सा, मग निम्मं, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण करायचं.

मी सोबत वजनांचा कागद नेला होता. तो बघून डॉक्टर खुर्ची ओढून बसले. दवाखान्यात गर्दी नव्हती म्हणून बरं, कारण आम्ही पाऊण तास हिशेब केला. तो खाली उतरवते.

बुधवार, १८ जून – हिशेब

किती लागतं : किलोतल्या वजनाचा पाऊण (०.७५) घात काढायचा, त्याला ७०नं गुणायचं. तेवढ्या कॅलरी नुसत्या पडून राहायला लागतात. नसबंदी झालेल्या, हिंडत्या-फिरत्या मोठ्या कुत्र्यासाठी त्याची साधारण १.६ पट. चांदीचं वजन २० किलो धरलं तर १०६०, बुट्ट्याचं १२ धरलं तर ७२०. दोघांचं मिळून दिवसाला १७८०, आठवड्याला साडेबारा हजारांच्या आसपास. हा नुसता अंदाज. खरं काय ते दर पंधरा दिवसांनी काटा सांगेल.

चुना, म्हणजे कॅल्शियम : मला वाटत होतं मांस म्हणजे ताकद, मांस दिलं की झालं. हाडाशिवायच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. शरीराला दोन्ही साधारण बरोबरीनं लागतं, कॅल्शियम किंचित जास्त. ते अन्नातून आलं नाही तर शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. मोठ्या कुत्र्यात हे कळायला वेळ लागतो. वाढत्या पिल्लाचे पाय मात्र काही आठवड्यांत वाकतात, हाड साध्या उडीनं मोडतं. "नुसतं मटण खाऊन लंगडं झालेलं पिल्लू" डॉक्टरांनी बरेचदा बघितलं आहे, आणि प्रत्येक वेळी मालकानं ते प्रेमानंच घातलेलं असतं. पिल्लांसाठी ही माझी कृती कुणी वापरू नये, त्यांचा हिशेब वेगळा आणि फार काटेकोर आहे.

उपाय स्वस्त आहे. अंड्याची टरफलं म्हणजे बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेट. त्यात वजनाच्या ३८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. १००० कॅलरीच्या जेवणामागे १.२५ ग्रॅम कॅल्शियम धरायचं. म्हणजे दोघांना आठवड्याला जवळपास ४० ग्रॅम टरफलाची पूड, सात-आठ अंड्यांची.

कलेजी : एकूण जेवणाच्या पाच टक्क्यांच्या वर नको. अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज भरपूर घातली तर ते अंगात साठत जातं आणि हाडं-सांधे धरतात.

जे यात नाहीच : आयोडीन, जस्त, ड आणि ई जीवनसत्त्व. डॉक्टरांनी कुत्र्यांसाठीची क्षार-जीवनसत्त्वांची पूड लिहून दिली, वजनावर माप. ती शिजवून गार झाल्यावर घालायची. हे वगळून "घरचं पूर्ण अन्न" असं म्हणता येत नाही, असं ते दोनदा म्हणाले.

आठवड्याचं माप (कच्चं वजन) :

चरबी काढलेली छाटण, २.५ किलो
फुफ्फुस, तिल्ली, मिळालं तर दिल, कोंबडीचा पेटा मिळून, २.५ किलो
कलेजी, ३०० ग्रॅम
तांदूळ, १.२ किलो
नाचणीचं पीठ, ३०० ग्रॅम
लाल भोपळा किंवा गाजर, १ किलो
तेल, ६० ग्रॅम
टरफलाची पूड, ४० ग्रॅम
क्षारांची पूड, मापानं

फ्रीजच्या वरच्या कप्प्यात एवढं मावत नाही. रविवार आणि बुधवार असं दोनदा निम्मं-निम्मं शिजवायचं.

रविवार, २२ जून

पहिली नीट केलेली शिजवण. चरबी हातानं काढायला दीड तास लागला. बोकडाची चरबी पांढरी, टणक, सुरीनं सहज सुटते. तिच्या मधे मांसाचा पदर असतो तिथे वेळ जातो. जी उरली ती रश्श्यात उतरली, रस्सा रात्रभर गार ठेवल्यावर वर मेणासारखी जाड पापडी धरली. ती उचलून टाकली. खालचा रस्सा मात्र टाकायचा नाही, हृदयातलं टॉरिन आणि पुष्कळसं पाण्यात विरघळणारं सत्त्व त्यातच उतरलेलं असतं. भात त्याच रश्श्यात शिजवला.

टरफलांसाठी बसस्थानकाजवळच्या अंडाबुर्जीच्या गाडीवाल्याला डबा दिला आहे. धुऊन, दहा मिनिटं उकळून, तव्यावर कोरडी करून मिक्सरमध्ये दळली. पहिल्यांदा भरड राहिली, बोटाला टोचत होती. मलमलच्या फडक्यातून गाळली, वर राहिलेली परत दळली. अर्धा चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम, पण मी काट्यावरच मोजते.

दोघांना नवं चौथा हिस्सा, बाकी भात. पोटं ठीक.

बुधवार, २५ जून

निम्मं-निम्मं. शी घट्ट, रंग गडद. पाऊस. चुलीवर पत्रा टाकून घेतला.

रविवार, २९ जून

आज ज्यासाठी हे सगळं सुरू केलं ते परातीत समोर आलं.

फुफ्फुस कापत होते. एका जागी सुरी अडली. बाहेरून लिंबाएवढा पांढुरका उंचवटा, बोटानं दाबला तर पाण्याच्या फुग्यासारखा. दुसरा त्याहून लहान, आत रुतलेला. कलेजीच्या तुकड्यावरही एक. शिवाय चरबीच्या पडद्याला एक पातळ, पारदर्शक पिशवी लोंबत होती, आत पाणी आणि एक पांढरा ठिपका.

हात तिथेच थांबले. सगळं जाड पिशवीत घालून तशीच डॉक्टरांकडे गेले. रविवार असूनही त्यांनी घरी बघितलं. पडद्याला लोंबणारी ती पातळ पिशवी वेगळ्या पट्टकृमीची, कुत्र्यातूनच येणारी, पण माणसाला तिचा धोका नाही. फुफ्फुसातल्या आणि कलेजीतल्या जाड भिंतीच्या, अवयवात रुतलेल्या गाठी मात्र हायडेटिडच्या.

त्यांनी टेबलावर कागद घेऊन चक्र काढून दाखवलं. मला नणंदेच्या वेळी कुणी एवढं समजावलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. बोकडाच्या किंवा मेंढीच्या अवयवात गाठ. ती कच्ची कुत्र्यानं खाल्ली की आतल्या बारीक कणांपासून त्याच्या आतड्यात पट्टकृमी होतात, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे, पण हजारोंनी. कुत्र्याला काही होत नाही. ते धष्टपुष्ट दिसतं, शेपूट हलवतं. सहा-सात आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती गवतावर, भाजीवर, पाण्यात, कुत्र्याच्या अंगावरच्या केसांना. शेळी-मेंढी ते गवत खाते आणि तिच्यात गाठ धरते. माणूस त्या कुत्र्याला कुरवाळून हात न धुता जेवतो, किंवा ओढ्याकाठची कोथिंबीर न धुता खातो, आणि त्याच्यात गाठ धरते. माणसातली गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. नणंदेला तिशीत कळलं. लागण कदाचित पोरवयात झाली असेल.

माझी एक चुकीची समजूतही निघाली. गाठ हाताळल्यानं किंवा शिजलेलं मटण खाल्ल्यानं माणसाला हा रोग होत नाही. तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांतूनच येतो. म्हणजे खाटकाच्या दुकानात गिऱ्हाइकानं घाबरायचं कारण नाही. दुकानामागचं घमेलं हीच जागा आहे जिथे साखळी तुटते किंवा चालू राहते.

न्यूझीलंड हा मेंढ्यांचा देश. तिथे कच्चे अवयव कुत्र्यांना घालण्यावर बंदी घातली, कुत्र्यांना जंताचं औषध नियमानं दिलं, आणि कित्येक दशकांनी, २००२ साली, देश या रोगातून तात्पुरता मुक्त जाहीर झाला. औषधाइतकंच महत्त्व त्या घमेल्याला होतं.

शिजवल्यानं गाठ मरते. डॉक्टरांचा सल्ला : बारीक तुकडे, आणि खळखळ उकळी आल्यापासून पाऊण तास. ज्या अवयवात गाठ दिसली तो मी तरीही वापरणार नाही. परसात कंबरभर खड्डा काढून चुना टाकून पुरला, वर दगड रचले.

संध्याकाळी नणंदेला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वहिनी, मामांना पण सांग."

मंगळवार, १ जुलै

मामांना गाठीचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "ह्या पाण्याच्या गोट्या तर आमी रोज बघतो वो ताई. काढून फेकतो मागं." त्यांच्या मनात गिऱ्हाइकाला खराब माल द्यायचा नाही एवढाच प्रामाणिक हिशेब होता. फेकतो ती कुठे जाते, हे त्यांना कधी कुणी सांगितलेलं नव्हतं. ओंडक्यामागे खिळ्याला झाकणाचा पत्र्याचा डबा अडकवायचं ठरलं. गाठीचं सगळं त्यात, आणि रोज संध्याकाळी ते पुरायचं.

ओढ्याकडची पाच कुत्री, शिवाय चांदी आणि बुट्ट्या, सातही जणांना प्रॅझिक्वांटेल हे पट्टकृमींवरचं औषध दिलं. वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम, डॉक्टरांनी गोळ्या मोजून दिल्या. शिजलेल्या कलेजीच्या तुकड्यात गोळी दडपली तर सहा जणांनी गपकन गिळली. सातवी, एक लंगडी कुत्री, फार संशयी आहे. तिनं कलेजी खाऊन गोळी बाजूला काढून ठेवली. तिसऱ्या खेपेला गेली.

हे औषध कृमी मारतं, अंडी मारत नाही. म्हणून पुढचे दोन-तीन दिवस विष्ठा गोळा करून पुरायची. आमच्या दोघांची जमली, ओढ्याकडची जेवढी दिसली तेवढी. पुन्हा सहा आठवड्यांनी, १२ ऑगस्टला.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी, रविवारीच आली. दुकान बंद. आत्या पंढरपूरला गेल्या आहेत. मागच्या बुधवारी जास्तीचं शिजवून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

वेळ होता तर नरड्याचा प्रश्न मार्गी लावला. बादलीत दर वेळी अर्धा-पाऊण किलो नरडं येतं, कुरकुरीत कूर्चा, कुत्र्यांना फार आवडते. पण श्वासनळीच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना लालसर-तपकिरी थायरॉइड ग्रंथी चिकटलेली असते. तिच्यातलं संप्रेरक शिजवल्यावरही टिकतं. अमेरिकेत १९८४-८५मध्ये मिनेसोटा, साउथ डकोटा आणि आयोवा या राज्यांत माणसांना अशीच बाधा झाली होती. गळ्याची छाटण ग्रंथीसकट खिम्यात गेली होती, आणि तो खिमा शिजवून खाल्लेल्यांची छाती धडधडू लागली, वजनं उतरली. गळ्याचा माल रोज खाणाऱ्या कुत्र्यांच्या रक्तातही हे संप्रेरक वाढलेलं सापडलं आहे. यापुढे नरडं घ्यायचंच नाही. मला ती ग्रंथी दर वेळी नेमकी ओळखता येईल याची खात्री नाही, आणि खात्री नसताना कुत्र्याच्या पानात घालणं बरं नव्हे.

रविवार, १३ जुलै – हाडांचा प्रयोग

हाडं शिजवून मऊ करता आली तर टरफलं दळायची गरज पडणार नाही, असं डोक्यात होतं. साधी शिजवलेली हाडं द्यायची नाहीत हे पक्कं. शिजलेलं हाड फुटताना काचेसारखं अणकुचीदार फुटतं. गेल्या वर्षी लग्नातली हाडं खाऊन बुट्ट्या दोन दिवस कुंथत होता, शी खडूसारखी पांढरी आणि दगडासारखी.

कोंबडीवाल्याकडून दीड किलो माना आणल्या. दहा लिटरच्या कुकरमध्ये पहिली शिटी झाल्यावर गॅस बारीक करून (परसात शेगडी नेऊन) ५० मिनिटं ठेवल्या. उघडलं तर मणके दोन बोटांत दाबल्यावर चुरत होते, पण काही मधले कडक होते. पुन्हा पाणी घालून ३५ मिनिटं. आता सगळे विटकरीच्या चुऱ्यासारखे. हातानं एक-एक दाबून बघितला, कुठे टोक राहिलं नाही. ब्रॉयलर कोवळ्या वयात कापतात, म्हणून हे जमतं. त्याच कुकरमध्ये बोकडाच्या बरगडीचे चुरे दोन तास ठेवून बघितले. ते होते तसेच, वर कडा आणखी धारदार. ते कायमचे बाद.

मानांचा लगदा दोघांनी आनंदानं खाल्ला. तरीही रोजच्या मापात मी तो घेणार नाही. किती मानांतून किती कॅल्शियम उतरलं हे मला घरी मोजता येत नाही. टरफलाची पूड काट्यावर मोजता येते. मानांची कातडीही चरबीनं भरलेली असते. माल कमी पडेल तेव्हा बदली म्हणून ठीक, तेव्हा पूड कमी करून. दोन्ही पूर्ण मापानं एकदम नको, कॅल्शियम वाजवीपेक्षा जास्त झालं तर जस्त शोषलं जात नाही.

रविवार, २० जुलै

आखाडाचा जोर. यंदा दिव्याची अमावस्या गुरुवारी आहे, आणि गुरुवार पाळणारे बरेच, त्यामुळे सगळ्यांनी आजचा रविवार साधला. मामांकडे पाच बोकडं. बादली आणि वर एक पिंप, साडेसतरा किलो. तीन फुफ्फुसांत गाठी निघाल्या. मामांनी त्या आधीच झाकणाच्या डब्यात टाकल्या होत्या, मला फक्त दाखवायला झाकण उघडलं.

दुपारी बारा ते रात्री नऊ चुलीपाशी. ह्यांनी लाकडं फोडून दिली, मुलीनं डब्यांवर तारखा लिहिल्या. आमच्या फ्रीजमध्ये चार डबे, जावेच्या फ्रीजमध्ये सहा. जाऊ मांसाहारी आहे म्हणून सोय झाली.

बुधवार, २३ जुलै

रात्री सात तास वीज नव्हती. वरचे डबे कडक राहिले, दारातले दोन सुटले होते. त्यातला एक आंबूस वाटला. दोन्ही पुरले. दारात डबे ठेवायचे नाहीत, आणि कप्पा गच्च भरलेला असला तर थंडी जास्त वेळ टिकते.

रविवार, ३ ऑगस्ट

श्रावण. मामांचं दुकान सोमवारी बंदच, बाकी दिवशीही एखादंच बोकड. आज सव्वा किलो माल मिळाला. साठवलेले डबे निम्मे संपले.

बदली म्हणून उकडलेली अंडी घेतली. एका अंड्याच्या ७० कॅलरी, म्हणजे एक किलो छाटणीच्या जागी वीस. टरफलं त्यांचीच, हा सोयीचा हिशेब. अंडी घरात येणार नाहीत, ती परसातल्या फडताळात. कोकणातली यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. ती नुकतीच सुरू झाल्यामुळे बाजारात तारली दिसली. अर्धा किलो आणली, वाफवून काट्यांसकट बारीक चुरली. तारलीतून ड जीवनसत्त्व आणि चांगली चरबी मिळते. खारवलेले सुके मासे मात्र टाळले, मीठ फार.

आत्या नाचणी दळून आणतात, मला सांगावं लागत नाही. आज चुलीपासून हात-दोन हातांवर पाट घेऊन बसल्या आणि भोपळा चिरून दिला.

रविवार, १० ऑगस्ट

दवाखान्यातल्या काट्यावर वजनं. चांदी १९.६. कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत, आणि दिसतात. बुट्ट्या १३.३, म्हणजे वाढला. त्याच्या बरगड्या बोटांना लागेनात. शिजलेलं दिवसाला चांदीला ९०० ग्रॅम आणि त्याला ६०० जात होतं. त्याचं ५४० केलं. शिवाय शेजारची पोरं त्याला बिस्किटं घालतात, त्यांच्याशी बोलले.

डॉक्टरांनी दोघांचे डोळे, हिरड्या, कातडी बघितली. चांदीच्या पाठीवरचा कोंडा गेला आहे. रक्ताची तपासणी दिवाळीनंतर करायची, सहा महिन्यांनी एकदा.

मंगळवार, १२ ऑगस्ट

दुसरी मात्रा. ओढ्याकडची पाचही जण मिळाली. लंगडी आता हाक मारली की येते. गोळी पहिल्याच तुकड्यात.

तिला पाजून उठले तर पलीकडे धनगर आजोबा मेंढ्या घेऊन थांबलेले, चांदीला बघायला. त्यांच्याकडे चार कुत्री आहेत. वाटेत मेंढी मेली तर तिचं काळीज-फुफ्फुस तिथंच कुत्र्यांना टाकायचं, ही त्यांच्या बापजाद्यांपासूनची रीत. त्यांना आधी नणंदेची गोष्ट सांगितली, मग डॉक्टरांचं चक्र मातीत काठीनं काढून दाखवलं. म्हणाले, "आमच्यातला एक जण असाच गेला, पोटात पाण्याची गाठ फुटून. कुत्र्याचा संबंध असंल असं कुणाच्या ध्यानात न्हवतं." त्यांच्या चौघांसाठीही गोळ्या घेतल्या आहेत. ते पंधरा दिवस माळावर मुक्कामाला आहेत. शुक्रवारी डॉक्टरांना सोबत घेऊन जायचं आहे.

रविवार, २४ ऑगस्ट

काल श्रावण सरला. मामांकडे पहाटेपासून रांग. बादलीत ७ किलो ४०० ग्रॅम माल, आणि यात नरडं नाही, चरबीही त्यांनीच अर्धी काढून ठेवलेली. खिळ्यावरचा डबा दाखवला. त्यात एक फुफ्फुस. पोराला हाक मारून म्हणाले, "खड्डा कंबरंएवढा काढ रं, न्हाईतर रात्री उकरत्यात."

शिजवण नेहमीप्रमाणे. फुफ्फुस आधी वेगळं, फेस काढून. उकळी आली ११ वाजून १० मिनिटांनी, उतरवलं १२ला. पूड २० ग्रॅम, क्षार गार झाल्यावर. पाच डबे भरले, तीन वर, दोन खाली उद्या-परवासाठी.

टरफलं संपत आली. बुधवारी गाडीवाल्याकडून डबा आणायचा, आणि त्याच फेरीत धनगर आजोबांच्या चार कुत्र्यांची वजनं डॉक्टरांना द्यायची.